पान एकतीसवरचा फाउल

गुडगाव
२३ सप्टेंबर १९९५

प्रिय साधना,

स. न. वि. वि. आणि त्यापुढचं सगळं तू मनातल्या मनात वाचून घे, मला कामाचं लिहायचंय. पण आधी सांग, पुण्यात गणपती दूध प्यायला का? इकडे परवा अख्खी दिल्ली वाट्या-चमचे घेऊन देवळांपुढे उभी होती. आमच्या सोसायटीचं देऊळ अजून बिल्डरच्या नकाशातच आहे, त्यामुळे शेजारच्या मिसेस भाटिया सहाजणींना घेऊन माझ्या शोकेसमधल्या गणपतीपुढे हजर. म्हणे, "आप तो मराठी हो, आपके वाले तो असली होंगे!" दुपारपर्यंत गालिचा अर्धा लिटर दूध प्यायला. संध्याकाळी आमचे सुधाकरराव ऑफिसातून आले आणि विचारतात, घरात चहापुरतंही दूध कसं नाही?

हो, आम्ही आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडलं. आता सातवा मजला, लिफ्ट, जनरेटर आणि खिडकीतून मोहरीची शेतं. साकेत मात्र खूश. चौदा वर्षांचा झाला, केबलवर चाळीस चॅनेल बघतो आणि मराठीत फक्त "भूक लागली" एवढंच बिनचूक म्हणतो. फोनचा नंबर लागायला अजून वर्ष आहे, तेव्हा पत्रं लिही.

आता काम. आपल्या शाळेला पन्नास वर्षं होतायत. जानेवारीत समारंभ आहे आणि स्मरणिकेची संपादक मी. मीटिंगला उशिरा पोचले, तोवर बाकीची सोपी कामं वाटून झाली होती. त्यात एक पान द्वारकाचं हवंय. फेब्रुवारीत ती गेली तेव्हा मी तुला चारच ओळी कळवल्या होत्या. काविळीचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत खेळ आटोपला. आपल्या वर्गातली पहिली गेलेली तीच. धावण्यातही कुणाला पुढे जाऊ द्यायची नाही, आठवतं?

फरीदाबादच्या ज्या शाळेत ती खेळ शिकवायची तिथल्या मुली विरुद्ध आपला त्र्याहत्तरचा खो-खोचा संघ, असा सामना ठेवायचं ठरलंय. पाहुण्या म्हणून तिच्या आई, इंदुमतीकाकू. तू तिच्या बाकावर बसायचीस, मैदानातही तिच्या पुढ्यातच असायचीस. तेव्हा द्वारकाचं पान तू लिही.

तुझी,
लतिका

* * *

पुणे
४ ऑक्टोबर १९९५

प्रिय लते,

गणपती इथेही प्यायला. आमच्या बँकेचे मॅनेजर कॅश काउंटर सोडून चमचा घेऊन पळाले. अर्धवार्षिक क्लोजिंगच्या तोंडावर देवाला हीच वेळ सापडली.

द्वारकाचं काय सांगू? मला ती बसच्या पुढे पळताना दिसते. आर. के. पुरमच्या स्टॉपवर आपण दोघी धक्के खात आत घुसायचो आणि ही बाई दप्तर माझ्या अंगावर फेकून पुढच्या स्टॉपपर्यंत पळत यायची. कंडक्टर दार धरून ओरडायचा, "आजा बेटी, आजा!" सगळी बस तिच्या बाजूची असायची. हिंदूरावच्या टेकडीवर खंडेराव सर आपल्याला पळायला न्यायचे आणि स्वतः सायकलवरून मागून यायचे, तेही आठवतं. वर पोचेपर्यंत द्वारकाने माझा डबा संपवलेला असायचा. वर म्हणायची, "तुझ्या आईला सांग, मीठ कमी पडतंय."

पण पान तू लिही. तुझी लेखणी बरी चालते. मला खरंच वेळ नाही. मयुराची दहावी आहे, बँकेत कॉम्प्युटर येणार म्हणून आम्हा सगळ्यांना शिकवणीला बसवलंय. चाळिशीच्या तोंडावर पुन्हा बाकावर!

तुझी,
साधना

* * *

गुडगाव
१७ ऑक्टोबर १९९५

प्रिय साधना,

आळशी बाई, लिहिलं मीच. बसचा किस्सा तुझ्या पत्रातून जसाच्या तसा उचललाय. पण लेखात नुसतं गोड गोड झालं की वाचणारे पान उलटतात, म्हणून शेवटी त्र्याहत्तरची फायनल घातली. ऐक:

"द्वारकाच्या खेळात एकच डाग. आंतरशालेय अंतिम सामन्यात शेवटचं अर्धं मिनिट उरलं होतं. समोरच्यांची एकच मुलगी मैदानात होती, तीही दमलेली. तिला बाद केलं की ढाल आपली. द्वारका धावत होती आणि पुढच्या पाटीवर पाठ करून बसलेल्या साधनाला खो देणार होती. हात लागायच्या आधीच तिने 'खो' म्हटला. शिट्टी वाजली, फाउल! तो दुरुस्त करेपर्यंत वेळ संपली आणि ढाल गेली."

बरोबर आहे ना? मी पार टोकाच्या खांबाजवळ होते, मला शिट्टी तेवढी ऐकू आली. पण द्वारकाने स्वतःच हात वर करून पंच बाईंना सांगितलं होतं, "मॅडम, मेरा फाउल. हाथ लगने से पहले बोल दिया." मी कॅप्टन. असा संताप आला होता! वर्ष संपेपर्यंत मी तिच्याशी बोलले नव्हते. आता हसू येतं.

आणखी कुणाला नाही तरी तुला तो खो ऐकू आला असणार. तपशील तपासून कळव.

लतिका

* * *

पुणे
२८ ऑक्टोबर १९९५

प्रिय लतिका,

दिवाळी झाली, फराळ अजून डब्यात आहे. चकली यंदा बिघडली.

फायनलची ओळ गाळ. इंदुमतीकाकू समोर बसलेल्या असणार आणि त्यांच्या हातात आपण मुलीच्या फाउलचं वर्णन देणार, हे बरं दिसत नाही. बाकी लेख छान आहे.

साधना

* * *

गुडगाव
९ नोव्हेंबर १९९५

प्रिय साधना,

तुझं पत्र आलं तोवर छापखान्यात फॉर्म मशीनवर चढला होता. पान एकतीस. पाचशे प्रती. आता तो फाउल काही परत येत नाही.

तुझं मन पहिल्यापासून मऊ. अगं, काकू खेळाडूची आई आहेत, हसतील! आणि त्या फाउलमुळेच तर लेखात जीव आलाय. तू नेहमी सगळ्यांना सांभाळून घेतेस. त्या दिवशीही सगळा संघ द्वारकावर तुटून पडला होता आणि तू एकटी कोपऱ्यात रडत होतीस. दुसऱ्याच्या चुकीसाठी इतकं रडणारी मुलगी मी पुन्हा पाहिली नाही.

ते सोड. सामन्याला घालायचं काय? साडी खोचून की सलवार-कमीज? वजनाचा आकडा मी सांगणार नाही, तूही विचारू नकोस. रोज सकाळी पार्किंगमध्ये चार फेऱ्या मारते. चौकीदार खुर्ची घेऊन बघत बसतो.

लतिका

* * *

पुणे
१६ नोव्हेंबर १९९५

लतिका,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. आता फाडणार नाही.

फाउल माझा होता.

द्वारका काहीच बोलली नव्हती. मी पाठ करून बसले होते. मागून तिची पावलं ऐकू येत होती आणि समोरून ती दमलेली मुलगी माझ्या हाताच्या अंतरावरून चालली होती. मला धीर धरवला नाही. खो मिळायच्या आधीच मी उठले. शिट्टी वाजली आणि मी तशीच उभी राहिले. पंच बाई जवळ येऊन विचारायला लागल्या तेव्हा द्वारकाने माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला.

परतताना बसमध्ये मी तिला विचारलं, असं का केलंस? म्हणाली, "तू आत्ताच एवढी रडतेयस. फाउल तुझा म्हटला असता तर तुला गप्प कोण बसवणार? मला काय, दोन दिवस ओरडतील." तिला खरंच वाटलं होतं की दोनच दिवस ओरडतील.

सोमवारी खंडेराव सरांनी दिल्लीच्या संघात निवडलेल्यांची नावं वाचली. शेवटच्या अर्ध्या मिनिटात जिचं भान सुटतं तिला मी पाठवणार नाही, असं म्हणून त्यांनी द्वारकाचं नाव खोडलं आणि माझं घातलं. तेव्हा मी उठून सांगायला हवं होतं. मी उठले आणि "येस सर" म्हटलं.

तो दिल्लीचा निळा ब्लेझर माझ्या ट्रंकेत आहे. खेळाडूंच्या राखीव जागेवर बँकेत लागले ती त्याच सर्टिफिकेटवर. तिने मला कधी बोलून दाखवलं नाही. दर दिवाळीला कार्ड पाठवायची, त्यात फक्त तिच्या मुलींनी कुठली ढाल जिंकली ते असायचं. मी उत्तरात चकलीबद्दल लिहायचे.

मी तिच्या जिवावर बावीस वर्षं निवांत राहिले. मला स्वतःची लाज वाटते. आता ते पान काकू वाचणार आहेत. काहीतरी कर.

साधना

* * *

पुणे
१५ डिसेंबर १९९५
(पोस्टकार्ड)

लते, महिना झाला. रागावलीयस हे कळतंय. लिहिण्यासारखं काही नसेल तर कोरं कार्ड टाक, निदान पत्ता तरी तुझ्या अक्षरात असेल. — सा.

* * *

गुडगाव
२७ डिसेंबर १९९५

साधना,

रागावले होते. पहिला आठवडा तुझ्यावर. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की तू निदान तिच्या बाकावर बसत होतीस, डबा देत होतीस. मी वर्षभर तिच्याकडे बघितलंही नाही. सुरुवातीला ती बसमध्ये माझ्यासाठी जागा धरायची आणि मी उभी राहायचे. कॅप्टन ना मी! त्यानंतर राग स्वतःवर आला, आणि तो काही लवकर जात नाही. म्हणून पत्र नाही.

आता ऐक. पाचशे प्रती फाडता येत नाहीत, पण शुद्धिपत्र लावता येतं. प्रेसवाल्या श्यामबाबूंकडून मी चिठ्ठ्या छापून घेतल्या. मजकूर असा:

"पान ३१: 'द्वारकाचा फाउल' असे छापले आहे. तो फाउल साधना हिचा होता. द्वारकाने तो आपल्यावर घेतला. ती निर्दोष होती. कॅप्टनला हे कळायला बावीस वर्षे लागली. वाचकांनी दुरुस्ती करून घ्यावी. – संपादक"

श्यामबाबू म्हणाले, "मॅडम, शुद्धिपत्रात लोक जन्मतारखा दुरुस्त करतात, हे काय आहे?" मी म्हटलं, छापा. साकेत आणि मी डिंकाची बाटली घेऊन दोन रविवार बसलोय. त्याने पहिल्यांदा एवढं मराठी वाचलं. पन्नासावी चिठ्ठी चिकटवताना म्हणाला, "मम्मी, पर साधनामौशी गंदी नहीं है ना?" मी म्हटलं, नाही रे, ती घाबरली होती. त्याला पटलं. मला पटायला सहा आठवडे लागले.

एकवीस जानेवारीला रविवारी सामना आहे. काकूंना मी काहीही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते तुझं काम. छापील चिठ्ठी त्यांच्या हातात पडायच्या आत तू फरीदाबादला पोच. सोबत येशील का म्हणून विचारू नकोस, येणार नाही.

आणि बाई, पळायचे बूट आण. चपलांवर येशील!

लतिका

* * *

गुडगाव
२५ जानेवारी १९९६

प्रिय साधना,

पोचलीस ना नीट? माझा गुडघा अजून सुजलेला आहे. सुधाकर बर्फ लावतो आणि हसतो. त्यांनी आपले चौदा गडी बाद केले, आपण त्यांचा एक. अलका तर धावायच्या आधीच बाद झाली, म्हणते मी पदर सावरत होते. खंडेराव सर त्या वयातही खुर्चीवरून ओरडत होते, "वाका! वाका!" आपल्या कमरा वाकल्या तर सरळ कशा होणार, हे त्यांना कोण सांगणार?

शनिवारी तू फरीदाबादहून परत आलीस ती गप्पच होतीस. मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या गडबडीत राहूनच गेलं. पण मैदानात झालं ते काय होतं? मी त्याच जुन्या खांबाजवळ धापा टाकत उभी. बघते तर काकू खुर्चीवरून उठून, शाल सावरत, चुन्याच्या रेघा ओलांडून चालत आत आल्या! पंच म्हणून आपल्या वर्गातला यतीन, तो शिट्टी तोंडात धरून तसाच. फुंकावी की नाही हे त्याला सुचेना. मला वाटलं, म्हातारीला काही होतंय. तोवर त्या तुझ्या पाठीमागे पोचल्या, वाकल्या, काही बोलल्या. आणि तू अशी सुटलीस की त्या पोरीला हात लागल्यावरच थांबलीस! अर्थात ती बिचारी आ वासून काकूंकडे बघत उभी होती म्हणून. तरी बाद ती बादच. आपला एकुलता एक गडी.

नंतर तू आणि काकू दोघी डोळे पुसत होतात, म्हणून मी दूर राहिले. आता सांग. मी पुन्हा बावीस वर्षं थांबणार नाही.

लतिका

* * *

पुणे
२ फेब्रुवारी १९९६

प्रिय लते,

पोचले. बँकेत कॉम्प्युटर आलाय आणि त्याच्यासाठी एसीची खोली बांधलीय. आम्ही पंख्याखाली.

फरीदाबादचं सांगते. काकू अंगणात उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. भिंतीवर कॅलेंडरच्या खिळ्याला द्वारकाची शिट्टी अडकवलेली. मी तिळगूळ दिला, पाया पडले आणि समोर बसून मटार सोलायला लागले. अर्धी परात होईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा. मग सगळं सांगितलं. पावलं, शिट्टी, तिचा वर झालेला हात, माझं "येस सर."

काकूंचा हात थांबला. मग म्हणाल्या, "त्या वर्षी ती बस सोडून पायी घरी यायला लागली. मी समजायचे, व्यायाम चाललाय."

लते, मी बसमध्ये होते आणि मलाही तेव्हा तेच वाटायचं. खरं म्हणजे मी तसं ठरवून टाकलं होतं.

मग त्या चिडल्या. चांगल्याच चिडल्या. "बावीस वर्षं? अगं, पुण्याहून पत्र इथे चार दिवसांत येतं! ती असताना आली असतीस तर? मी तिला किती बोललेय ठाऊक आहे? एवढा खेळ खेळून शेवटी माती केलीस, असं मी म्हटलंय तिला. माझ्या तोंडाने!" मी शुद्धिपत्राची चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली आणि पिशवीतून ब्लेझर काढला. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. ब्लेझरची बाही चाचपली.

"कसर नाही लागली?"

"डांबराच्या गोळ्या घालून ठेवते."

"तिला आखूड झाला असता," त्या म्हणाल्या. "तुझा तू ने. गाडीत थंडी असते."

त्यांनी जेवायला वाढलं. मटारची उसळ, मीठ अगदी बेताचं. झालं गेलं, जाऊ दे, असलं काहीही त्या म्हणाल्या नाहीत आणि मलाही ते मागायचा धीर झाला नाही. निघताना दारात मात्र त्यांनी विचारलं, "ती तुझ्यापासून किती लांब होती तेव्हा?"

मी म्हटलं, "दोन पावलं."

"म्हणजे येतच होती."

"हो काकू. येतच होती."

त्या मान हलवून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. गुडगावला येईपर्यंत बसमध्ये रडले, म्हणून तुझ्याकडे गप्प होते.

रविवारी मी मुद्दाम माझ्या जुन्या चौथ्या पाटीवर बसले. पाठीमागे पावलं आली. हळू, चपलांची. तुझी नव्हेत हे कळलं, कारण तू तर इंजिनासारखी धापा टाकत होतीस. समोर ती मुलगी हाताच्या अंतरावर उभी होती, अगदी तेव्हासारखी. सगळं अंग उठायला बघत होतं. मी दोन्ही हात जमिनीवर दाबून धरले आणि वाट पाहिली. पावलं थांबली. मग पाठीवर हात पडला. मटार सोलून खरबरीत झालेला, चांगला जड हात.

काकू म्हणाल्या, "हा तिचा राहिला होता. खो. ऊठ आता."

मग मी उठले.

तुझी,
साधना